दुकान नावावर होईपर्यंतचे सोमवार

घारापुरी बेटावर, मोराबंदर गावात, माझ्या माहेरच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचे किराणा दुकान आहे. बाबांनी ते चौतीस वर्षे चालवले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, घटस्थापनेनंतर दोन दिवसांनी, खाडीपलीकडच्या शहरातील एका रुग्णालयात बाबा गेले. दुकान यापुढे मी चालवायचे, हे आई, धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांनी बसून दहा मिनिटांत ठरवले. तेच कागदावर उतरायला मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ लागला. कोणत्या कागदाआधी कोणता कागद हाती असावा लागतो, हे मला कोणी सलग सांगितले नव्हते. माझ्यासारखीच वेळ आलेल्या कोणाला उपयोग होईल, म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

लेणी पाहायला येणारा माणूस शेतबंदरच्या बाजूच्या धक्क्यावर उतरतो, पायऱ्यांवरच्या दुकानांतून टोपी किंवा माळ घेतो आणि संध्याकाळच्या आत गेटवेला परततो. आमच्या दुकानापर्यंत तो सहसा येत नाही. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे मिळून बेटावर साधारण बाराशे माणसे राहतात. त्यांचे तांदूळ, गोडेतेल, चहापत्ती, साबण, वह्या, डोकेदुखीची गोळी आणि अडीनडीची उधारी, हा आमचा व्यवसाय. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून बेटावर वीज आली. तोपर्यंत संध्याकाळी तीनेक तास जनरेटरवर दिवे लागत आणि आमच्याकडे सर्वांत जास्त खप मेणबत्त्यांचा आणि बॅटरीच्या सेलचा असे. वीज आल्यावर बाबांनी दोन महिन्यांच्या आत फ्रीज घेतला आणि मेणबत्त्यांचे उरलेले दोन खोके माळ्यावर टाकले. ते अजून तिथेच आहेत. पावसाळ्यात वीज गेली की उपयोगी पडतात.

सगळा माल उरणहून होडीने येतो. गोणीमागे होडीचे भाडे वेगळे आणि धक्क्यावरून वर आणण्याची मजुरी वेगळी. बंद पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे हा गुन्हा असल्यामुळे हा खर्च आमच्या नफ्यातून जातो आणि तो भरून निघतो सुट्या डाळी-तांदळांवर. बाबांनी हा नियम कधी मोडला नाही. मुंबईपेक्षा येथे सगळे महाग असणार असे गृहीत धरून आलेला एखादा चुकार पर्यटक बिस्किटाचा पुडा उलटसुलट करून किंमत वाचतो, तेव्हा मला अजूनही थोडा राग येतो.

माझे लग्न बेटावरच, राजबंदरात झाले आहे. नवऱ्याचा पायऱ्यांवर लिंबूसरबताचा ठेला आहे. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी त्याला सुटी. तो आईसोबत आमच्या गल्ल्यावर बसू शकतो आणि मला कचेऱ्यांची कामे करता येतात. पण त्याच कारणाने सोमवारी गेटवेच्या लाँचही सुटत नाहीत. मग गावातल्या होडीने उरणच्या मोरा बंदराला (मोऱ्याला) जायचे आणि तिथून पुढे रिक्षा किंवा एसटी. मोऱ्याच्या धक्क्याजवळ इतका गाळ आहे, की पूर्ण ओहोटीत लाँच लागत नाही. म्हणून कचेरीची वेळ पाहण्याआधी भरतीची वेळ पाहावी लागते. आमच्याकडे त्याचा हिशेब कालनिर्णयावरूनच करतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. सप्तमी असेल तर सव्वापाच, म्हणजे ओहोटी सव्वाअकराच्या सुमारास. द्वादशी असेल तर भरती नऊला आणि ओहोटी तीनला. पुढे लिहिलेल्या प्रत्येक सोमवारी मी आधी ही पाऊणपट केली आहे आणि नंतर पिशवी भरली आहे.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद माणूस राहत असेल त्या गावात होत नाही, जिथे मृत्यू झाला तेथील निबंधकाकडे होते, हे मला माहीत नव्हते. मी ग्रामपंचायतीत विचारले, तेव्हा दाखला शहरातून आणावा लागेल, असे समजले. तेराव्यानंतरच्या सोमवारी, ३० ऑक्टोबरला, तो हातात आला आणि त्यावर बाबांचे नाव चुकलेले होते. चूक कोणा कारकुनाची नव्हती. मध्यरात्री दाखल करताना भावाने घाबरून त्यांचे हाक मारायचे नाव सांगितले होते. सगळे बेट त्यांना त्याच नावाने ओळखत असे, आधारवरचे नाव आम्हालाही क्वचितच आठवे. रुग्णालयाच्या नोंदीत तेच गेले आणि तिथून दाखल्यावर.

दुरुस्तीची तरतूद जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातच आहे. अर्ज, आधार आणि पॅनच्या प्रती, माझे प्रतिज्ञापत्र आणि ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे सांगणाऱ्या दोन माहितगार व्यक्तींचे निवेदन, एवढे द्यावे लागले. मी ६ नोव्हेंबरला शेजारच्या दोन काकांना सोबत नेले. दोघांचाही मासेमारीचा दिवस बुडाला आणि दोघांनीही जेवणाव्यतिरिक्त काही घेतले नाही. मुद्रांक, नोटरी, टंकलेखन आणि तिघांचा प्रवास मिळून अठराशे रुपये गेले. त्यानंतरचा सोमवार दिवाळीतला, त्याच्या पुढच्या सोमवारी साहेब रजेवर आणि २७ तारखेला गुरू नानक जयंतीची सुटी. दुरुस्त दाखला ४ डिसेंबरला मिळाला. त्या दिवशी सप्तमी होती. उजाडताच निघाले, अकराच्या आत काम झाले आणि पाणी चढेपर्यंत अडीच वाजेपर्यंत मोऱ्याच्या धक्क्यावर बसून मी दाखल्यावरचे प्रत्येक अक्षर तीनदा वाचले. एक गोष्ट आवर्जून सांगते: दाखला खिडकीवरून हलण्याआधीच, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही नोंदी आधार कार्ड शेजारी ठेवून वाचाव्यात आणि प्रमाणित प्रती एकदमच जास्त घ्याव्यात. मी आठ घेतल्या, सहा लागल्या.

दरम्यान २० नोव्हेंबरला, जुनाच दाखला घेऊन, मी बँकेत बाबा गेल्याचे कळवले होते. बाबांचे दुकानाच्या नावाचे चालू खाते त्याच दुपारी गोठवण्यात आले. हे योग्यच होते. मृत व्यक्तीच्या खात्यावर घरच्यांनी व्यवहार करायचे नसतात आणि आम्ही महिनाभर अजाणता तेच करत होतो. पण गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड त्याच खात्याचा होता. मी बेटावर परतले तेव्हा पैसे जात नाहीत म्हणून चार-पाच जण दुकानासमोर मोबाइल उंच धरून उभे होते आणि नेटवर्क नाही असे समजून नवरा त्यांना अंगणात जायला सांगत होता. पुढचे तीन महिने आम्ही रोखीवर काढले. सुट्या पैशांसाठी आईने चॉकलेटची बरणी पुढे आणली, आणि उधारीची वही, जी अलीकडे पातळ होत चालली होती, पुन्हा जाड झाली.

त्या वहीबद्दल थोडे लिहायला हवे, कारण सगळ्या कागदांत तीच वाचायला सर्वांत अवघड गेली. बाबा नावे लिहीत नसत. ‘टाकीजवळ’, ‘मोठी होडी’, ‘मास्तरांची मागची’, ‘पिवळी’ अशा नोंदी आणि पुढे आकडे. बेरीज अडुसष्ट हजारांच्या घरात जात होती. आई दुपारची गल्ल्यावर बसत असल्याने तिने दोन रात्रींत बहुतेक नोंदी उलगडल्या. ‘मोठी होडी’ म्हणजे होडी नसून तिच्या मालकाचा व्याही, हे तिच्याशिवाय कोणाला कळले नसते. चार नोंदी राहिल्या. आम्ही कोणाकडे वसुलीला गेलो नाही. दुःखाच्या घरी भेटायला आलेली माणसेच जाताना विचारत, की ‘माझे किती निघतात?’ दोघांनी सांगितलेला आकडा आमच्या वहीतल्यापेक्षा जास्त होता. तिघांनी बाबांना तोंडी पैसे दिल्याचे सांगितले आणि आम्ही ते मान्य केले. वाद एकाच ठिकाणी झाला आणि तो येथे लिहिण्यासारखा नाही. ज्यांच्या घरी असे दुकान आहे त्यांनी आपल्या माणसाला, तो धडधाकट असतानाच, एका संध्याकाळी वही घेऊन बसवावे आणि खरी नावे लिहून घ्यावीत, असे मी कळकळीने सुचवेन.

आता अन्न परवान्याकडे येते. वर्षाला तेव्हाच्या बारा लाख रुपयांच्या मर्यादेत उलाढाल असलेल्या आमच्यासारख्या दुकानाला मोठा परवाना लागत नाही, पण अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते आणि तिचा चौदा आकडी क्रमांक दुकानात दिसेल असा लावावा लागतो. ही नोंदणी बाबांच्या नावावर होती. नोंदणीधारकाचा मृत्यू झाला, तर ती नोंदणी वारसांसाठी मृत्यूपासून ९० दिवस, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, चालू राहते. हे मला उरणच्या एका सेवा केंद्रातील मुलाने डिसेंबरमध्ये सांगितले, तेव्हा मी तिथेच बोटांवर दिवस मोजले. नव्वदावा दिवस १५ जानेवारी, मकर संक्रांतीचा येत होता. अर्धे दिवस तर आधीच उलटले होते.

तोवर माझ्या स्वतःच्या नावाचा घोळ निघाला. आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे. दोन्ही जुळल्याशिवाय पुढचे काहीच होणार नव्हते. कोणी सांगितले, की राजपत्रात नावबदल छापावा लागेल. तसे काही करावे लागले नाही. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर पॅनमधील नाव दुरुस्त होते. ११ डिसेंबरला १०७ रुपये भरून अर्ज केला, २६ तारखेला ई-पॅन ईमेलवर आले आणि प्रत्यक्ष कार्ड टपालाने त्यानंतर नऊ दिवसांनी. लग्न झाले त्या वर्षी नवऱ्याने हट्टाने विवाह नोंदणी करून घेतली होती आणि तेव्हा मी त्याला हसले होते, हे नमूद करणे भाग आहे.

ग्रामपंचायतीचे काम बेटावरच असल्याने त्याला सोमवार लागला नाही. घर बाबांच्या नावावर होते. घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, वारस म्हणून आई, मी आणि भाऊ अशी तिघांची नावे लावण्यासाठी ६ डिसेंबरला अर्ज दिला. सोबत दुरुस्त दाखला, तिघांची आधार कार्डे आणि थकबाकी नसल्याची पावती जोडली. महिन्याच्या सभेत तो मंजूर होऊन २८ डिसेंबरला उतारा मिळाला. दुकानाच्या जागेसाठी आई आणि भावाने मला संमतिपत्र लिहून दिले. भाऊ न्हावा-शेव्याच्या एका गोदामात पाळीत काम करतो. सही करायला तो रात्रीची पाळी संपवून सकाळच्या होडीने आला, सही केली, जेवला आणि दुकानातच गोण्यांवर झोपला. भावंडांत ओढाताण नसेल तर हे सगळे सोपे जाते आणि ती नव्हती, ही आमची मोठी सोय होती.

२७ डिसेंबरला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारकडची नोंदणी, केली. ती आधार आणि पॅनवर, मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने, अर्ध्या तासात होते आणि पूर्णपणे मोफत आहे. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे हजार-दोन हजार रुपये मागतात. मी एकावर पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचले होते. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘gov.in’ ही सरकारी खूण आहे का, ते पाहूनच पुढे जावे.

१ जानेवारी २०२४ रोजी अन्न नोंदणीचा अर्ज ऑनलाइन केला. शुल्क तेव्हा वर्षाला १०० रुपये होते. मी पाच वर्षांचे ५०० भरले. छायाचित्र, आधार, नमुना ८ चा उतारा आणि संमतिपत्र जोडले. पत्त्यात ‘मोराबंदर, तालुका उरण’ एवढेच लिहिले, आणि ही या सगळ्या प्रकरणातली माझी स्वतःची, कोणावरही ढकलता न येणारी चूक. ९ जानेवारीला सकाळी अकराला फोन आला. पाहणीसाठी आलेले अधिकारी विचारत होते, “मॅडम, मी मोऱ्याला धक्क्याजवळ उभा आहे. इथे तुमचे दुकान कोणालाच माहीत नाही.” उरणचे मोरा बंदर आणि आमचे मोराबंदर यांच्यामध्ये समुद्र आहे, हे त्यांना कसे सांगावे ते मला सुचेना. मी म्हटले, “साहेब, समोर पाण्यात जे दोन डोंगर दिसतात ना, त्यांच्या पायथ्याशी.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. माणूस सज्जन होता. त्या दिवशी परत गेले, मला पत्त्यात ‘घारापुरी बेट’ घालून अर्ज सुधारायला सांगितले आणि दोन दिवसांनी होडीने आले. फ्रीजचे तापमान, उंदरांचा बंदोबस्त, तेलाच्या डब्यांची झाकणे आणि जमिनीवर ठेवलेल्या गोण्या पाहिल्या. गोण्या फळीवर ठेवा, एवढीच सूचना केली. ज्या फळ्या नवऱ्याने दोन वर्षे ठोकल्या नव्हत्या, त्या त्या संध्याकाळी ठोकल्या गेल्या. १२ जानेवारीला, मुदतीच्या तीन दिवस आधी, प्रमाणपत्र आले.

त्याआधीच्या सोमवारी, ८ जानेवारीला, मी तराजू घेऊन उरणला गेले होते. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनाकडून, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या सरकारी विभागाकडून, दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, लोखंडी वजनांची दोन वर्षांनी. बाबांच्या आजारपणात काट्याची तारीख उलटून गेली होती. काटा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला, वजने पिशवीत घातली. द्वादशी होती, नऊच्या भरतीला मोऱ्याला उतरले. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याने आधी काटा उघडून आतला मिठाचा थर ब्रशने काढला, मग त्यावर प्रमाणित एक किलोचे वजन ठेवले. पडद्यावर ९९० आले. पुन्हा ठेवले, पुन्हा ९९०. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “ताई, तुम्ही किलोमागे दहा ग्रॅम जास्त देताय.” खारी हवा असलेल्या ठिकाणी काटा असा सरकतो, म्हणाला. काटा दुरुस्त झाला, पडताळणी होऊन त्यावर शिसाचे सील आणि तिमाहीचे अक्षर उमटले, प्रमाणपत्र माझ्या नावाने निघाले. दुरुस्ती आणि शुल्क धरून अकराशे वीस रुपये, पावती घेतली. आईला हे सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, “तरीच गोणीत साखर पुरत नव्हती.”

आता चालू खाते. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाचे खाते वारसाच्या नावावर फिरवता येत नाही. जुने बंद करायचे आणि नवे उघडायचे. नव्यासाठी व्यवसायाचे दोन पुरावे लागतात आणि माझ्याकडे उद्यम आणि अन्न नोंदणी असे नेमके दोन होते. कागदांचा क्रम म्हणते तो हाच: आधी मृत्यूचा दाखला, मग आपले पॅन, मग उद्यम आणि अन्न नोंदणी, आणि बँक शेवटी. मी सुरुवात बँकेपासून केली आणि दोन हेलपाटे फुकट गेले. २२ जानेवारीचा सोमवार राज्यात सुटीचा निघाला, २९ तारखेला अर्ज दिला, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुटी, आणि २६ फेब्रुवारीला खाते सुरू झाले. क्यूआर कोड आणि पैसे जमा झाल्याचे सांगणारा बोलका डबा २ मार्चला आला.

८ मार्चला महाशिवरात्र होती. त्या दिवशी लेण्यांतल्या शिवलिंगाच्या दर्शनासाठी उरण, न्हावा आणि मुंबईहून होड्या भरभरून माणसे येतात, आणि वर्षातून त्या एका दिवशी आमच्या दुकानापुढेही रांग लागते. साबुदाणा, शेंगदाणे, केळ्याचे वेफर्स आणि पाण्याच्या बाटल्या पहाटेच मांडल्या होत्या. साडेसहाला पहिल्या गिऱ्हाइकाने वीस रुपये पाठवले आणि डबा मोठ्याने बोलला. आई आतून दचकून बाहेर आली. दुपारपर्यंत तिला त्या आवाजाची सवय झाली आणि एखाद्या व्यवहाराला डबा गप्प राहिला तर ती गिऱ्हाइकाला थांबवू लागली.

जुन्या खात्यातले पैसे मिळायला आणखी वेळ लागला. बचत खात्यावर आईचे नामनिर्देशन होते, ते पैसे दोन भेटींत तिच्या खात्यात आले. चालू खात्यावर नामनिर्देशन केलेले नव्हते. त्यात ४१,३६० रुपये होते, आणि त्यांतले सुमारे नऊ हजार बाबा गेल्यानंतर त्याच क्यूआर कोडवरून जमा झालेले. रक्कम लहान असल्याने न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र लागले नाही. तिघांची संमती, हमीपत्र आणि दोन जामीनदार यांवर भागले. २२ एप्रिलला पैसे आले. व्यावसायिक खात्यालाही नामनिर्देशन करता येते. मी माझे त्याच दिवशी केले. विजेच्या जोडणीवरचे नाव ऑनलाइन अर्जाने मे महिन्याच्या बिलात बदलून आले, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

सगळा खर्च मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता: शुल्के, मुद्रांक, प्रती, काट्याची दुरुस्ती आणि प्रवास मिळून सात हजार नऊशे रुपये, त्यांत निम्म्याहून अधिक प्रवासाचे. सोमवार मोजले तर चौदा. त्यांतले पाच रिकामे गेले.

एक नाव मात्र अजून बदललेले नाही. बाबा गेले तेव्हा उरणच्या घाऊक व्यापाऱ्याचे बावन्न हजार देणे होते. दिवाळीच्या आधी मी त्यांच्याकडे मुदत मागायला गेले, तर त्यांनी मुदतीचे बोलणेच काढले नाही. फराळाच्या रव्या-मैद्याची गोणी बांधायला सांगितली आणि लाल वहीत बाबांच्या नावाखाली आकडा चढवला. मार्चअखेर मी शेवटचा हप्ता दिला तेव्हा, खाते आता माझ्या नावावर करा, असे म्हटले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “राहू दे पोरी, मला सापडायला सोपे जाते.” त्यामुळे आमच्या दुकानाचा माल अजूनही बाबांच्याच नावावर सुटतो, आणि गोण्यांवर निळ्या खडूने त्यांचे ते हाक मारायचे नावच लिहिलेले असते.